संदर्भ-श्रोता

रहिमतपूरच्या जिज्ञासा व्याख्यानमालेचं ते एकोणसत्तरावं वर्ष होतं आणि त्यातली बेचाळीस वर्षं श्रीरंग भोकरे सर पहिल्या रांगेत, डावीकडून पाचव्या खुर्चीवर बसत आले होते. हायस्कुलात त्यांनी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. विषय मोडी कागदपत्रांचा असो, चंद्रावरच्या बर्फाचा असो की ज्वारीच्या नव्या वाणाचा, व्याख्यान संपून अध्यक्षांनी "कुणाला काही विचारायचं आहे का?" असं म्हटलं की अख्खं सभागृह सरांकडे बघायचं. पहिला प्रश्न सरांचा, हा नियम कुणी केला नव्हता, पण मोडतही कुणी नव्हतं.

म्हणून आकलक नावाचं यंत्र गावात आलं आणि त्याला एक संदर्भ-श्रोता लागतो असं कळलं, तेव्हा समितीत चर्चासुद्धा झाली नाही. "भोकरे सर," अध्यक्ष सुहास निकम वकील म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

यंत्र चालवायला सरांची मुलगी मयूरी होतीच. रुग्णालयातल्या उपकरणांची प्रणाली सांभाळायचं काम ती घरी बसून करायची. तीन वर्षांपूर्वी आई गेल्यावर ती पुण्याहून वडिलांजवळ राहायला आली होती.

आकलकाची कल्पना तशी सोपी. आपण कुणाचं बोलणं ऐकत असतो तेव्हा पुढचा शब्द कोणता येणार याचा अंदाज मेंदू सतत बांधत असतो. "मी चहात साखर" एवढं ऐकलं की "घातली" हा शब्द मेंदूने आधीच तयार ठेवलेला असतो. तिथे "वाचली" आलं तर तो अडखळतो. शब्द कानावर पडल्यापासून साधारण चारशे मिलिसेकंदांनी, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आतच, डोक्यात एक विशिष्ट विद्युत-लहर उठते. शब्द जितका अनपेक्षित, तितकी ती मोठी. बोलण्याचा अर्थ लागत असेल तर शब्दाशब्दाला ही लहर कमी-जास्त होत राहते. अर्थच लागत नसेल तर अपेक्षा नाही, म्हणून अडखळणं नाही. लहर सपाट होते. हे सगळं प्रयोगशाळांना जुनं ठाऊक होतं. नवी होती ती खुर्चीच्या पाठीत बसवलेली संवेदक-पट्टी. ती डोक्याला न लागता, वीतभर अंतरावरून मेंदूतली ही हालचाल टिपायची. दोनशे बारा खुर्च्यांना दोनशे बारा पट्ट्या.

प्रत्येक खुर्चीच्या दोन रेघा मयूरीच्या संगणकावर दिसत; संदर्भ-श्रोत्याच्या तेवढ्या व्हरांड्यातल्या पडद्यावरही. वरची रेघ आवाजाची : बोलण्याच्या लयीमागून मेंदू चालला आहे का, ते सांगणारी. खालची अर्थाची.

वक्त्याच्या टेबलावर तीन रंगांचा छोटा दिवा होता. सभागृहाला समजतंय तोवर हिरवा. सभागृहाला समजत नाही पण संदर्भ-श्रोत्याला समजतंय, तर पिवळा, म्हणजे विषय अवघड आहे, जरा सावकाश घ्या. आणि संदर्भ-श्रोत्यालाच समजत नसेल तर, सभागृहाला कळो न कळो, लाल. दोष विषयाचा नाही, तुमचा, असा त्याचा अर्थ. दिवसाचा निकाल व्हरांड्यातल्या फळ्यावर लागायचा, आणि पुढच्या वर्षी कुणाला बोलवायचं ते त्यावरून ठरणार होतं. निकमांना ही गोष्ट फार आवडली होती. "आता शिफारशी बंद. आकडा बोलेल," ते म्हणाले.

पहिल्या दिवशी एक खगोलशास्त्रज्ञ आले होते. सुरुवातीची दहा मिनिटं यंत्र जुळवून घ्यायची, तेवढा वेळ दिवा बंद. मयूरी मागच्या बाजूला, ध्वनिवर्धकाच्या टेबलाशेजारी बसून एकेक खुर्ची तपासत होती. संगणकावर पाचव्या खुर्चीची नोंद उघडली आणि तिने ती दोनदा मिटून पुन्हा उघडली.

वरची रेघ सुरेख होती. सभागृहात इतकी नेमकी दुसरी नव्हती. वक्ता थांबला की थांबायची, चढला की चढायची. खालची रेघ टेबलाच्या कडेसारखी सरळ होती.

तिने मान वर करून वडिलांकडे पाहिलं. ते किंचित पुढे झुकून ऐकत होते आणि वक्त्याचं वाक्य संपलं की बरोबर तिथेच मान डोलावत होते.

दहा मिनिटं संपायला चाळीस सेकंद होती. पाचवी खुर्ची जोडली असती तर पहिल्याच वक्त्याला लाल दिवा लागला असता, आणि का लागला हे शोधताना सगळ्यांना ती रेघ दिसली असती. मयूरीने संदर्भ म्हणून स्वतःच्या खुर्चीचा क्रमांक टाकला आणि नाव तसंच ठेवलं : श्री. भोकरे.

दिवा हिरवा झाला.

पट्टी बिघडली असेल, असं तिने त्या दिवशी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी लोक यायच्या आधी तिने चौथ्या आणि पाचव्या खुर्चीच्या पट्ट्यांची अदलाबदल केली. सपाट रेघ पट्टीबरोबर गेली नाही. ती सरांपाशीच राहिली.

मग तिने मागच्या पाच वर्षांची ध्वनिमुद्रणं काढली आणि फक्त शेवटचे प्रश्न ऐकले. दोन वर्षांपूर्वीपर्यंतचे प्रश्न टोकदार होते. एका अर्थतज्ज्ञाला सरांनी त्याच्याच आलेखातली चूक दाखवली होती. त्यानंतरचे प्रश्न सगळे एकाच घराण्यातले. "हे सामान्य माणसाच्या आयुष्यात केव्हा येणार?" "आपल्यासारख्या छोट्या गावाला याचा काय उपयोग?" "तरुणांनी यातून काय घ्यावं?" सगळ्या वक्त्यांनी "फार चांगला प्रश्न" असं म्हणून उत्तर दिलं होतं.

तिसरा आणि चौथा दिवस असेच गेले. व्हरांड्यात निकम तिला म्हणाले, "सरांची रेघ बघतेस ना? चौऱ्याहत्तराव्या वर्षी काय बुद्धी आहे गं. माझी तरी एवढी चालत असेल का, देव जाणे."

"हो, काका," मयूरी म्हणाली.

पाचव्या दिवशी डॉ. अनुपमा गावित आल्या. नंदुरबारकडच्या, चाळिशीच्या, बोलायला साध्या. विषय होता जमिनीखालच्या पाण्याचं वय. खोल बोअरमधून येणारं पाणी कधी पडलेल्या पावसाचं आहे, हे त्यात विरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून कसं ओळखतात, ते त्यांनी सांगायला घेतलं. त्यांनी नऊ वर्षं विहिरी आणि बोअर पालथ्या घातल्या होत्या. वरचं पाणी चार-सहा वर्षांपूर्वीचं, आणि काही ठिकाणी तीनशे फुटांखालचं आठ-आठ हजार वर्षांपूर्वीचं. ते उपसलं तर आपल्या हयातीत परत भरत नाही.

मयूरी ऐकत नव्हती. त्या दुपारी तिने पुण्याच्या एका मेंदूतज्ज्ञांशी नाव न सांगता फोनवर बोलून घेतलं होतं. मेंदू हळूहळू झिजवणाऱ्या अशा आजाराला आता औषध होतं, बरं करणारं नाही, पण घसरण धरून ठेवणारं. "मात्र लवकर सुरू करायला हवं," ते म्हणाले होते. "महिन्यांचा फरक पडतो." ती तेच महिने मोजत बसली होती. समोरचे शब्द येत होते आणि जात होते, आणि तिची खालची रेघ हळूहळू सरळ होत गेली.

गावितबाईंच्या टेबलावर लाल दिवा लागला.

मयूरीच्या ते लक्षात आलं तोवर चार मिनिटं झाली होती. बाईंनी दिव्याकडे पाहिलं, पहिल्या रांगेकडे पाहिलं, आणि त्या पाणी प्यायल्या. मग त्यांनी सात-आठ चित्रं एकदम पुढे सरकवली. "हा भाग जरा तांत्रिक आहे, सोडून देऊ," असं म्हणून त्यांनी विहिरींचे फोटो दाखवले, एका गावातला गमतीदार प्रसंग सांगितला आणि वीस मिनिटं आधीच थांबल्या. बोअर कुठे थांबवावी, हे ओळखायचं कसं, तो सगळा भाग राहून गेला. सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या रानात बोअर होती.

फळ्यावर निकाल लागला. "फोटो छान होते," कोणी तरी म्हणालं. "बाकी विशेष काही नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर मागच्या पडवीत बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मयूरी त्यांच्यासमोर पाट घेऊन बसली. कसं सांगायचं याची तिने जुळवाजुळव केली होती, पण प्रत्यक्षात एकच वाक्य आलं.

"अप्पा, तुमच्या खुर्चीची अर्थाची रेघ सपाट आहे."

त्यांनी आणखी दोन शेंगा फोडल्या. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"पट्टी बदलून बघितलीस?"

"बघितली."

"मग पडद्यावर माझ्या नावाची दाखवतात ती कुणाची?"

"माझी."

ते थांबले. एवढा हिशेब त्यांना लगेच लागला. "म्हणजे काल त्या बाईंना लाल दिवा लागला तो…"

"माझं लक्ष नव्हतं."

सरांनी सूप बाजूला ठेवलं. मयूरीला वाटलं होतं की ते नाकारतील, चिडतील, निदान विचारतील की हे नक्की काय आहे. त्यांनी यातलं काही केलं नाही.

"मला माहीत आहे ते," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. तुझी आई गेली त्यानंतर सुरू झालं, तेव्हा वाटलं दुःखामुळे असेल. रोजचं बोलणं कळतं गं. ओळखीचं असतं. तू काय म्हणतेस ते आत्ता कळतंय की. पण व्याख्यानात दोन मिनिटं झाली की वाक्यं नुसती पुढून जातात. वाचतानाही दुसरं पान आलं की पहिलं गेलेलं असतं."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाला? तू कामात. आणि सांगून काय, लोक माझ्याशी हळूहळू बोलायला लागले असते. मोठ्याने."

"मग रोज जाता कशाला तिथे?"

"संध्याकाळी साडेसहाला दुसरीकडे कुठे जाऊ?" ते सहज म्हणाले. मग पुढे म्हणाले, "बोलणं ऐकायला बरं वाटतं. नीट बोलणाऱ्या माणसाचं वाक्य कुठे संपणार ते आधी कळतं. काय म्हणाला ते नाही कळलं तरी."

मयूरीने औषधाचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. मंगळवारची वेळ घेतली आहे म्हणाली. त्यांनी मान हलवली. त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं, आणि ते ओठांवर आलं तेव्हा आवाज वर्गातला होता.

"पहिल्या दिवशी कळलं होतं तर पहिल्या दिवशी का बोलली नाहीस?"

"लोकांसमोर तुमचं…"

"माझी लाज झाकलीस. बरं. पण त्या बाईंचं नऊ वर्षांचं काम त्यात गेलं. मोजमाप चुकीचं आहे हे ठाऊक असताना ते फळ्यावर लावलंस. मुलांना मी यासाठी शून्य द्यायचो."

मयूरीने खाली सांडलेली टरफलं गोळा केली. सरांनी सूप पुन्हा पुढे ओढलं, आणि ती उठणार तेवढ्यात विचारलं, "माझ्यासारखे आणखी किती आहेत?"

"म्हणजे?"

"सभागृहात. पाचही दिवस वरची रेघ चांगली आणि खालची सपाट. बघितलंस का?"

तिने पाहिलं नव्हतं. खरं म्हणजे पाहायला नको म्हणून तिने ती यादी उघडलीच नव्हती. बहुतेकांकडे हंगामाचा पास होता, खुर्च्या ठरलेल्या होत्या, म्हणजे क्रमांकावरून नाव सहज कळणार होतं. तिने संगणक आणून तिथेच चाळणी लावली. एखाद्या दिवशी पेंगलेले वगळले. ऐकू कमी येणारे वगळले, त्यांची वरचीच रेघ तुटक असते.

"अकरा," ती म्हणाली. "तुम्हाला धरून."

"नावं सांगू नकोस मला."

"पण त्यांना सांगायला पाहिजे ना, अप्पा? औषध आहे."

"ते व्याख्यान ऐकायला आले होते. तपासून घ्यायला नाही."

"तिकिटाच्या मागे लिहिलंय, माहिती गोळा केली जाईल म्हणून."

"कोण वाचतं ते? तू वाचलंस?" सर म्हणाले. "न विचारता कुणाच्या दारात जाऊन असं सांगायचं नाही. पण विचारता येतं, एवढं तरी त्यांना कळलं पाहिजे. ते मी बघतो. मला एका कागदावर लिहून दे, मोठ्या अक्षरात. मधेच हरवलो तर वाचता येईल."

त्या दिवशी संदर्भ-श्रोत्याची जोडणी मयूरीने काढून टाकली. दिवा लागत नाही म्हणून निकमांनी विचारलं, तेव्हा बिघाड आहे असं म्हणाली. हे तिचं शेवटचं खोटं.

सातव्या दिवशी समारोप. व्याख्यान निवडणूक-कायद्यावर होतं. ते संपलं, निकमांनी नेहमीचं वाक्य म्हटलं, आणि सगळे सरांकडे वळले. सर उठले. या वेळी मयूरी मागे नव्हती, शेजारच्या खुर्चीवर होती. त्यांनी खिशातून कागद काढला.

"मला आज प्रश्न नाही," ते म्हणाले. "निवेदन आहे. या आठवड्यात माझ्या नावाने जी रेघ दाखवली गेली ती माझी नव्हती. माझी रेघ सपाट आहे. मला व्याख्यान ऐकू येतं, समजत नाही. दोन वर्षांपासून समजत नाही. हा मेंदूचा आजार असू शकतो, मंगळवारी मी तपासून घेणार आहे." इथे त्यांनी ती लहर काय असते ते सांगितलं, चहात साखर वाचली तर काय होतं ते सांगितलं, आणि ते मात्र कागदाकडे न बघता. पुढच्या बाकावरच्या पोरांना सांगावं तसं. "डॉ. गावित यांना जो लाल दिवा लागला तो चुकीचा होता. त्यांचं बोलणं स्पष्ट होतं की नाही, हे त्या दिवशी यंत्राला माहीतच नव्हतं. समितीने त्यांची माफी मागावी आणि त्यांना पुन्हा बोलवावं. आणि शेवटचं. ज्याला स्वतःच्या खुर्चीची रेघ बघायची असेल त्याने वाचनालयात मयूरीला येऊन भेटावं. फक्त स्वतःची. नवऱ्याला बायकोची किंवा मुलाला बापाची दाखवणार नाही. जो येणार नाही त्याला कुणी काही सांगणार नाही."

ते बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कुणाला ठरवता आलं नाही.

निकम मात्र संतापले. कार्यालयाचं दार लावून ते मयूरीला म्हणाले, "एकोणसत्तर वर्षांची संस्था आहे. लोक इथे शहाणं व्हायला येतात, आणि तुम्ही बापलेकींनी त्याचा दवाखाना केला. उद्या कोण बसेल त्या खुर्च्यांवर?"

"यंत्र परत पाठवा, काका. सगळे बसतील."

यंत्र परत गेलं. सभासदांनीच तसा ठराव केला. नोंदी मात्र ठरावाप्रमाणे वर्षभर मयूरीजवळ, कुलपात राहणार होत्या.

गावितबाईंना तिने स्वतः फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मला वाटलं मीच नीट सांगत नाही," त्या म्हणाल्या. "त्यानंतर दोन गावांत बोलले मी, तो भाग गाळून." डिसेंबरात त्या पुन्हा आल्या. दिवा नव्हता. दोन तास बोलल्या, आणि बोअरवाल्यांनी त्यांना आणखी तासभर सोडलं नाही.

वाचनालयात पहिल्या आठवड्यात चौतीस जण आले. तीस जणांना काहीच झालेलं नव्हतं. ते हसत बाहेर पडले, काही तर मयूरीला उगाच धन्यवाद देऊन. चौघांना तिने खुर्ची ओढून बसायला सांगितलं. एका निवृत्त परिचारिकेने रेघ बघून फक्त "बरं" म्हटलं आणि डॉक्टरांचं नाव लिहून घेतलं. एक गृहस्थ तिच्यावरच भडकले, आणि चार दिवसांनी येऊन तेच नाव लिहून घेऊन गेले.

सरांचं औषध सुरू झालं. दर पंधरा दिवसांनी एक सुई. घसरण थांबली असं म्हणता येत नव्हतं, पण डॉक्टरांच्या आलेखात उतार कमी झाला होता. सर सभांना जात राहिले. त्यांच्याशी कुणी मोठ्याने बोलू लागलं नाही. पहिला प्रश्न आता कोणीही विचारायचं, आणि कधीकधी पहिल्या प्रश्नाला बराच वेळ लागायचा.

अकरातले सर आणि ते चौघे सोडले तर सहा उरत होते. ते कधी आले नाहीत. मयूरीला ते भेटायचे : मंडईत, बँकेत, औषधाच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला. ती त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलायची आणि घरी आल्यावर तिला जेवण जायचं नाही. एकदा तिने अप्पांना म्हटलंसुद्धा, की तुमचा नियम तुम्ही केलात, पाळावा मला लागतोय. "हो," सर म्हणाले. "ते खरंच आहे." नियम त्यांनी बदलला नाही.

सहांतले एक निकम वकील होते.

पुढच्या वर्षीच्या वक्त्यांची यादी दाखवायला म्हणून ते फेब्रुवारीत घरी आले. मयूरीने चहा केला. त्यांनी यादी वाचली, सरांनी दोन नावांना मान डोलावली. मग निकमांनी यादीची घडी करून खिशात ठेवली.

"सर, कळलं तेव्हा काय वाटलं तुम्हाला?"

"मला आधीच माहीत होतं," सर म्हणाले. "दुसऱ्या कुणाला तरी कळलं, याचं बरं वाटलं."

निकमांनी कपातला गार झालेला चहा संपवला. "परवा कोर्टात अशिलाचं नाव आठवेना. नाव आठवणं वेगळं म्हणा. पण समोरचा वकील काय म्हणतोय तेच लागेना. मी हरकत घेतली, आणि कशाला घेतली ते न्यायाधीशांनी विचारलं." ते मयूरीकडे वळले. "माझी खुर्ची होती ना त्यात? व्यासपीठावर नव्हतो मी रोज. सुरुवात करून दिली की खाली, अठराव्या खुर्चीवर बसायचो."

"होती, काका."

"तुला माहीत आहे काय आहे ते."

"हो."

तिला वाटलं, आता ते विचारतील. ती उठून संगणक आणायला निघालीही. निकमांनी हाताने तिला थांबवलं.

"आज नको. तुझ्या स्मिताकाकूला काही बोललो नाही अजून. ती बरोबर असली पाहिजे." ते दाराशी जाऊन चपला घालू लागले, डावी-उजवी नीट बघून. "गुरुवारी येऊ आम्ही. चालेल?"

"चालेल. सकाळी या," मयूरी म्हणाली.

गुरुवारी सकाळी दहा वाजता दोघं आले.